चाकावरचे लाल नट

आर्णीच्या नसीमआपांनी मला वाचवलं, हे सगळ्यात आधी लिहून टाकतो. एकाच दुपारी दोनदा वाचवलं. आधी माझा जीव, आणि मग अर्ध्या तासाच्या आत माझं काम. त्यात त्यांच्या हातावरचा लोकांचा भरवसा गेला. तो परत आणायला मी फक्त तोंड उघडायला हवं होतं, आणि इतकी वर्षं मी ते उघडलेलं नाही. काय घडलं ते पुढे येईलच, पण नाव आधी लिहिलेलं बरं. मी मनाने घाबरट माणूस आहे. सांगता सांगता कुठल्या तरी वळणावर गाडी दुसरीकडे घालीन आणि आपांचं नाव राहूनच जाईल, असा माझा माझ्यावरच संशय आहे.

दसरा सरला की मारेगावच्या रस्त्यावर कापूस दिसायला लागतो. बाभळीच्या काट्यांत, विजेच्या तारांवर, एसटी स्टँडच्या पत्र्याच्या कडेला, चहाच्या टपरीवरच्या बरणीवरसुद्धा. भरून चाललेल्या गाड्यांतून उडालेला हा कापूस कुणाचाच नसतो. सकाळी थोडा गारवा, आणि दहा वाजले की पुन्हा ऊन असं की पाना हातात धरवत नाही. सोयाबीन काढलेल्या शेतातून भुसा उडत असतो, तूर अजून हिरवी उभी असते. आणि वर्षभर अंग टाकून पडलेल्या जुन्या गाड्या एकेक करून माझ्या शेडसमोर यायला लागतात, कारण आता त्यांना माल ओढायचा असतो. लोकांना हे दिवस आवडतात. कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवून पूजा होते, दिवाळी तोंडावर असते. मला मात्र या दिवसांची धास्ती वाटते. मी प्रत्येक गाडीभोवती दोन चकरा मारतो, मग तिसरी मारतो. माझी बायको इकडचीच, नेरची. ती म्हणते, "तुमी गाडी दुरुस्त करून राह्यले का तिची साक्ष घेऊन राह्यले?"

खरं तर मिस्त्रीचं काम साक्ष घेण्याचंच आहे. गिऱ्हाईक म्हणतं, इंजिन एकदम मस्त, फक्त ऑइल बदला. तिथेच मी कान लावतो. डिझेलचा वास नको त्या जागी येतो का, ग्रीस कुठल्या बाजूने ओलं दिसतं, बोल्टच्या डोक्यावरचा ओरखडा जुना आहे का कालचा. आणणारा काहीतरी लपवतो आहे असं धरूनच सुरुवात करायची. लोखंडावर असा संशय घेतला तर गाडी सुधारते. माणसांवर घेतला तर काय होतं, ते मला आर्णीत कळलं.

मी साताऱ्याकडचा, माणदेशातला. तिकडे बाजरी, मेंढरं आणि पावसाची वाट. आठवी अर्धी झाली आणि शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. इंग्रजीच्या तासाला गुरुजी एकेकाला उभं करून वाचायला लावायचे. माझी पाळी येईपर्यंत बाकांची संख्या मोजत बसायचो, आणि पाळी आली की घशातून आवाज यायचा नाही. एक दिवस पाळी यायच्या आत दप्तर उचललं आणि जो गेलो तो परत गेलो नाही. मग ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि गाडी बंद पडायचीच म्हणून हळूहळू अर्धा मिस्त्री. एक मात्र शाळेतून बरोबर घेऊन आलो. कुणी विचारलं, "समजलं का?" की मान आपोआप हलायची. समजलं नसलं तरी.

फौजेने वापरून काढून टाकलेले ट्रक लिलावात निघतात. इकडे त्यांना डिस्पोजलची गाडी म्हणतात. त्यांच्या सगळ्याच चाकांना इंजिनचा जोर मिळतो. काळ्या मातीत अवेळी पाऊस झाला की दुसरे ट्रक पोटापर्यंत रुततात, आणि ही गाडी कापूस घेऊन रडत-कण्हत का होईना बाहेर येते. आर्णीच्या बाबारावजी नावाच्या कापूस व्यापाऱ्यांनी पुण्याकडच्या एका लिलावात अशी गाडी घेतली. ती आर्णीपर्यंत चालवत न्यायला माणूस हवा होता. आठ दिवसांचं काम म्हणून मी निघालो. त्या आठ दिवसांना आता दहा-बारा वर्षं झाली.

ती गाडी मला अजून तशीच दिसते. हिरव्या रंगाचे एकावर एक थर, कांद्यासारखे. जिथे पोपडा निघाला होता तिथे खाली दुसरा हिरवा, त्याखाली तिसरा. सीटच्या मागे बंदूक अडकवायची खोबण होती, त्यात बाबारावजींनी पुढे छत्री ठेवली. मागच्या आसाचा गोळा पांढरा रंगवलेला आणि त्याच्यावर एवढासा झाकलेला दिवा. मोठे दिवे न लावता रांगेने जायचं तर मागच्या ड्रायव्हरने फक्त तो पांढरा गोळा बघत चालवायचं. वाटेत एका धाब्यावर एक म्हातारबाबा गाडी बघून उठले आणि त्यांनी मला कडक सलाम ठोकला. मी फौजी नाही, हे सांगायचा धीर झाला नाही. मीही हात कपाळाला लावला.

आणि चाकं. प्रत्येक चाकावर नटांच्या दोन गोल रांगा होत्या. आतली हिरवी, बाहेरची लाल. बाजूला पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत काहीतरी छापलेलं. गाडी ताब्यात देणाऱ्या जवानाने त्या लाल रांगेकडे बोट केलं आणि विचारलं, "ये मालूम है ना?"

मी म्हणालो, "हां साब."

काय मालूम असायला हवं होतं ते आताच सांगून ठेवतो. या चाकाची रिम एकसंध नसते. दोन ताटं समोरासमोर ठेवून कडेने नटबोल्टांनी आवळावीत आणि मध्ये हवेने टच्च भरलेला टायर असावा, अशी ती असते. आतल्या रांगेतले नट चाकाला गाडीशी धरतात. चाक काढायचं तर ते काढायचे. बाहेरच्या रांगेतले नट त्या दोन ताटांना एकमेकांशी धरतात. हवा भरलेली असताना ते सोडले तर ताटं फुटून निघतात आणि समोर जो बसला असेल त्याच्या छातीचं, तोंडाचं काही शिल्लक राहत नाही. म्हणून ते लाल. इतकी साधी गोष्ट. विचारली असती तर जवानाने दोन मिनिटांत सांगितली असती.

आर्णीत गाडी लागली ती मुश्ताकभाईंच्या गॅरेजात. गावाबाहेर, कडुलिंबाच्या तीन झाडांखाली. मुश्ताकभाई जाडजूड, हळू बोलणारे, आणि हात मात्र सोनाराचे. गाडी चालवत आणताना वाटेत मी दोनदा क्लच जुळवून घेतला होता. तो बघून ते म्हणाले, "हात बरा हाये तुहा. राह्यतं का इथं? सीझनभर काम हाये." मी राहिलो. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला: "फौजी गाडीच्या चाकाले रंग लावाचा तो फक्त आपानं. दुसऱ्या कोणाचा ब्रश चाकावर दिसला तं तो माणूस संध्याकाळच्या एसटीत दिसला पाहिजे." का, ते सांगितलं नाही. त्या गॅरेजात ते सगळ्यांनाच माहीत होतं. आणि फौजेची गाडी सहाशे किलोमीटर चालवत आणलेल्या माणसाला चाकाचे नट समजावून सांगायचे, हे कुणाच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

आपा म्हणजे नसीमआपा. गॅरेजच्या भिंतीला लागून त्यांचं टिनाचं शेड. पन्नाशीच्या, काडीसारख्या बारीक, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला, ओढणीला सात रंगांचे डाग. त्यांचे वडील तरुणपणी कुठल्याशा लष्करी डेपोत रंगारी होते, मग आर्णीला परत येऊन ट्रक रंगवायला लागले. त्यांची नजर गेल्यावर ब्रश आपांच्या हातात आला. नेरपासून दिग्रसपर्यंत कुणी डिस्पोजलची गाडी घेतली की इंजिनाला मिस्त्री कुठलाही बघायचा, पण चाकं आपांकडे यायची. त्या रंगवायच्या आधी प्रत्येक नटावर बोट टेकवून काहीतरी पुटपुटायच्या. मला वाटलं दुवा म्हणतायत. खरं तर त्या मोजत होत्या.

पहिल्या दिवशीच त्यांनी मला चहा दिला आणि विचारलं, "घरी कोण हाये? आई हाये? फोन करतं का तिले? किती शिकला?" मी कपातला चहा बघत बसलो. अनोळखी बाईला माझ्या आईशी काय करायचंय? दुपारी त्यांनी स्टीलच्या डब्यात वरण-भात आणि लिंबाचं लोणचं पाठवलं. मी तो आधी हुंगला. आमच्याकडे म्हण नाही, पण सवय आहे. फुकट मिळालं की कुठून फिटणार ते शोधायचं. माझ्या बॅगेची चेन तुटलेली होती, ती मी सेफ्टी पिनने बंद करून बॅग सतत नजरेसमोर ठेवायचो. आपांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी एक भली मोठी पिन माझ्यापुढे धरली. "ही घे. तुही वाकून राह्यली." मी पिन घेतली, आणि तेव्हापासून बॅग अजूनच जवळ ठेवायला लागलो. हिला पिन वाकलेली दिसते म्हणजे हिची नजर बॅगेवर आहे.

आज हे लिहिताना कानाच्या पाळ्या गरम होतात.

दसऱ्यानंतर मुश्ताकभाई पार्ट आणायला दोन दिवस अमरावतीला गेले आणि बाबारावजी गाडी बघायला आले. हिरवा रंग जाऊन बॉडी निळी झाली होती, बाजूला आपांनी कापसाचं बोंड काढलं होतं. बाबारावजी खूश. मग त्यांची नजर चाकावर गेली. "हे लाल टिकल्या टिकल्या काय हायेत? गाडी मालाची हाये का वरातीची? सगळ्याइले चांदी मार."

मी म्हणालो, "चाकाचं आपांना सांगतो."

"आपा-बिपा काय करतं? डबा समोर हाये, हात तुले हायेत. मार."

एकीकडे मुश्ताकभाईंचा नियम, एकीकडे मालक समोर उभा. जो समोर असतो त्याचं मी ऐकतो. पॉलिश पेपरने ती इंग्रजी अक्षरं घासून काढली, तेवढं करताना थोडा आनंदही झाला, आणि सगळ्या नटांना चांदी म्हणतात तो रुपेरी रंग मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर बाहेरची रांग लाल. ओली, चकचकीत. कुणीतरी माझ्या आधी येऊन माझं काम पुसून टाकलं होतं. मी आपांच्या शेडकडे गेलो. त्या डब्यातून रंग ढवळत होत्या.

"आपा, हे तुम्ही केलं?"

"हो. लाल राहू दे, बाबू. बाहेरची रांग लालच राह्यते. तुले मालूम हाये ना काहून?"

आता तिसऱ्यांदा मला तो प्रश्न विचारला जात होता. जवान, शाळा, आणि आता ही बाई. मी म्हणालो, "मालूम आहे."

"मंग चांदी कायले मारली?"

"मालकांनी सांगितलं."

"मालकाचं काय, तो गाडीत बसते. तू गाडीखाली बसतं." एवढं बोलून त्या पुन्हा रंग ढवळायला लागल्या. त्यांना वाटलं विषय संपला. मला वाटलं विषय आता सुरू झाला. बाबारावजी संध्याकाळी परत आले, लाल बघून माझ्यावर ओरडले, मी पुन्हा चांदी मारली. सकाळी पुन्हा लाल. मी रंगवायचो आणि ती पुसायची. मला पक्कं कळलं, म्हणजे तसं वाटलं, की या बाईला मला इथून घालवायचं आहे. परका आला, मुश्ताकभाईंनी ठेवून घेतला, म्हणून हिच्या पोटात दुखतंय. वरण-भात, चहा, पिन, सगळ्याचा हिशोब जुळला. संशयाची हीच गंमत आहे. त्याला एकदा जागा दिली की वरण-भातसुद्धा पुरावा होतो.

मुश्ताकभाई परत आले त्या दिवशी चाकं लाल होती, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. मग आपा भाचीच्या लग्नाला दोन दिवस दिग्रसला गेल्या. त्या गेल्या त्या दुपारी, गॅरेज जेवायला बसलेलं असताना, मी तिसऱ्यांदा चांदी मारली. आतली रांग, बाहेरची रांग, दोन्ही सारख्या. ऑक्टोबरच्या उन्हात चांदी दोन तासांत वाळते. बाबारावजी येऊन गेले, "आता कसं!" म्हणाले. मुश्ताकभाई ते दोन दिवस शेडमध्ये दुसऱ्या एका इंजिनात डोकं घालून होते, त्यांचं चाकांकडे लक्ष गेलं नाही. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी ब्रेकचं काम निघालं. पुढचं डावं चाक काढायचं होतं. मी जॅक लावला, चाक उचललं, समोर मांडी घालून बसलो. टायर हवेने घट्ट. आतल्या रांगेचे नट गंजून बसलेले, पान्याला दाद देईनात. बाहेरच्या रांगेचे सहज फिरतील असं वाटलं. म्हटलं, आधी सोपे काढू. एक सैल केला. दुसरा. तिसऱ्याला पाना लावून अर्धा फेरा दिला आणि लोखंड आतून बारीक कुरकुरलं. तो आवाज मला ऐकू आला होता. मिस्त्रीच्या कानाला असा आवाज आला की हात थांबायला हवा. माझा थांबला नाही, कारण माझा सगळा संशय माणसांवर खर्च झाला होता.

तेवढ्यात कानावर फाडकन काहीतरी बसलं.

चप्पल. बाईमाणसाची चप्पल. फाटकापाशी आपा उभ्या होत्या, दिग्रसच्या एसटीतून उतरून सरळ आलेल्या, एका हातात लग्नाची पिशवी, पाय अनवाणी. दुसरी चप्पल त्यांनी हातात घेतलेलीच होती. मी उठून उभा राहिलो आणि दोन पावलं त्यांच्याकडे गेलो. चाकासमोरून मी हटलो तो असा, रागाने.

गॅरेज हसायला लागलं. वेल्डिंगवाला ओरडला, "सातारकर, लगनाचा आहेर आला रे तुले!" परक्या गावात, सगळ्यांसमोर बाईच्या चप्पलेचा मार.  मी तोंडाला येईल ते बोललो. ही बाई पहिल्या दिवसापासून माझ्या मागे लागलीय, माझं काम बिघडवते, हिला मी इथे नको आहे, हिची नजर माझ्या बॅगेवर आहे. हो, बॅगेवरसुद्धा बोललो. आपा ते ऐकतच नव्हत्या. त्यांचा श्वास लागला होता, हात चाकाकडे होता, आणि तोंडातून एकच शब्द निघत होता. "हवा… हवा…"

मुश्ताकभाई शेडमधून आले. त्यांनी आपांकडे बघितलं, मग चाकाकडे. सैल झालेल्या तीन नटांकडे बघताना त्यांच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी पाहिला.

"सगळे मांगं व्हा," ते हळूच म्हणाले. "पार लिंबापर्यंत मांगं."

ते स्वतः बाजूने गेले, चाकाच्या समोर न जाता. अंग चोरून, एक हात लांब करून त्यांनी व्हॉल्व्हची पिन सोडली. हवा सुटायला लागली. इतक्या मोठ्या टायरची हवा निघायला खूप वेळ लागतो. आम्ही सगळे लिंबाखाली उभे, आणि तो सूं आवाज. आधी जोरात, मग बारीक, मग नुसता उसासा. झाडावरून पिकलेली पानं पडत होती. मला अजूनही काय झालं ते कळलेलं नव्हतं. आवाज थांबल्यावर मुश्ताकभाईंनी ते नट पूर्ण काढले आणि चाकाची दोन ताटं हाताने वेगळी करून माझ्यापुढे धरली.  तेव्हा कळलं. मी होतो तिथेच जमिनीवर बसलो.

मग त्यांनी विचारलं, "चांदी कोणं लावली?"

मला बोलायचं होतं असं मी आज लिहिलं तर ते खोटं होईल. मी संध्याकाळच्या एसटीचा विचार करत होतो. सातारा किती लांब आहे, आईला काय सांगायचं, याचा.

"मी लावली," आपा म्हणाल्या.

"तुमी तं दिग्रसले होत्या."

"जायाच्या आधी लावली. बाबारावजी पाठीमांगं लागलते. थकली मी बोलून बोलून."

मुश्ताकभाईंनी हातातली दोन्ही ताटं खाली ठेवली. "आपा," ते म्हणाले, "तुमच्या अब्बानं तुमाले हेच शिकवलं होतं का?"

आपांनी मान खाली घातली. वाकून चप्पल उचलली, पायात घातली आणि त्या आपल्या शेडमध्ये गेल्या. पिशवीतले लग्नाचे लाडू तिथेच राहिले. कुणी हात लावला नाही.

आपांनी स्वतःच कबूल केल्यावर बाबारावजींना किंवा गॅरेजातल्या पोरांना कुणी काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मुश्ताकभाईंनी त्यांना चाकं दिली नाहीत. बॉडी द्यायचे, चाकं नाही. चाकांचे नट ते स्वतःच लाल करायला लागले, जाड्या हाताने, ओघळ सोडत. बातमी एसटीपेक्षा आधी पोचते. नेरचे लोक यायचे बंद झाले, दिग्रसचे झाले. डिस्पोजलची गाडी आली की ड्रायव्हर आधीच सांगायचा, "चाकाले बाई नको." बॉडीचं काम होतं तेही रेडियमच्या स्टिकरने खाल्लं. आपा दुकानांची शटरं रंगवायला लागल्या. एका शाळेच्या भिंतीवर त्यांनी बे ते तीसपर्यंतचे पाढे लिहिले, फार सुंदर, एक आकडा हललेला नाही. पण त्यांच्या वडिलांचं काम चाकांचं होतं, आणि ते माझ्या चांदीखाली बंद झालं.

मी त्यांना विचारलं होतं. दोन-तीन आठवड्यांनी, शेडच्या दारात उभं राहून. तेव्हाही संशयच होता. एवढं मोठं उचलून दिलं, आता मागणार काय?

"आपा, तुम्ही खोटं का बोललात?"

त्या ब्रश तारपीनमध्ये धूत होत्या. "तुले काढलं असतं तं तू कुठं गेला असता?"

"दुसऱ्या गॅरेजात."

"अन् तिथं जाऊन तेच नट खोलले असते. कारण तू तिथंही मालूम हाये म्हणला असता." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. "इथं राह्यला तं आता जनमभर नाही खोलणार. अन् माह्यं घर इथंच हाये बाबू, मले कोण एसटीत बसवते?"

मग म्हणाल्या, "अब्बा म्हणत, ज्याले वाचता येत नाही त्याच्यासाठी रंग असते. म्हणून रंग खोटा लावू नाही."

मी तेव्हाही पूर्ण विश्वास ठेवला नाही. महिनेच्या महिने वाट बघितली. कधी मागतील, काय मागतील. त्यांच्या भाच्याची स्कूटर बिघडली तेव्हा वाटलं, आली वेळ. त्यांनी ती दुसऱ्याकडे नेली. मला लाजवू नये म्हणून असेल, असं आज वाटतं. तेव्हा वाटलं होतं, माझ्या हातावर हिचा भरवसा नाही. पुढे मी काम शिकलो, लग्न झालं, मारेगावला माझं शेड टाकलं. निघताना आपांना भेटायला गेलो तर त्या म्हणाल्या, "आईले फोन करत जाजो." एवढंच.

परवा माझ्या शेडवर एक गाडी आली. डिस्पोजलची, तशीच हिरवी, चाकांवरचा लाल उन्हाने फिका पडून विटकरी झालेला. मालक वणीकडचा, तरुण. मी म्हणालो, चाकांना नवा लाल हात मारायला हवा, दुरून ओळखू येत नाही. तो म्हणाला, "इथंच मारा भाऊ. आर्णीले नका पाठवू. तिथं एक बाई होती म्हणते, तिनं लाल नटाले चांदी मारली होती. एक पोट्टा मरता मरता वाचला."

तो मीच, असं ओठांवर आलं. मी "हं" म्हणालो आणि पाना शोधायला लागलो. पाना हातातच होता.

दुपारी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तिचा घास हातात राहिला. "म्हंजे इतके साल तुमी तिच्या नावावर जगून राह्यले?"

"तसं नाही गं. मुश्ताकभाई काय म्हणतील…"

"काय म्हणतील? काढतील का आता तुमाले? आता तं शेड तुमचं हाये." ती उठून गेली, आणि जाताना म्हणाली, "तुमाले अजूनही वाटते ना, ती काही मांगंल?"

ते खरं होतं. इतक्या वर्षांत भीती नोकरीची राहिलेली नाही. मुश्ताकभाई आता म्हातारे झालेत, गुडघ्याने अधू झालेत. फार तर शिवी देतील. भीती ही आहे की मी कबूल केलं तर आपा नुसतं "बरं" म्हणतील आणि चहा ठेवतील, आणि मग संशय घ्यायला माझ्याकडे कुणीच उरणार नाही. मग मला स्वतःकडेच बघावं लागेल.

वणीच्या माणसाची गाडी अजून माझ्या दारात उभी आहे. मी त्याला सांगितलंय, चाकांना आठ दिवस लागतील. कशासाठी ते सांगितलं नाही.

आपा, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवील, किंवा तुम्ही स्वतःच वाचाल. मी येतोय. मुश्ताकभाई बाहेर खुर्ची टाकून बसतात तेव्हा, ड्रायव्हर चहाला जमलेले असतात तेव्हा, भर दुपारी. वणीच्या मालकालाही बरोबर आणतो. चांदी मी लावली होती, मला काहीच माहीत नव्हतं, आणि मी गप्प बसलो होतो, ही तीन वाक्यं सगळ्यांच्या समोर, उभं राहून, मोठ्याने म्हणेन. घशातून आवाज आला नाही तर पुन्हा म्हणेन. तुमचं जेवढं गेलं तेवढं या जन्मात माझ्याकडून परत होणार नाही, हे मला कळतं. पण या गावांतल्या फौजी गाड्यांची चाकं पुन्हा तुमच्या दारात येतील, आणि पहिली मी स्वतः ढकलत आणीन. कापूस सरायच्या आत.